फ्रीझरमधले तुझे डबे

वहिनी, घरातला तुझा वास कमी व्हायला लागलाय आणि मला भीती वाटतेय. आधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की गवती चहा, लसूण, हळद आणि तो तुझा आंबवलेला मासा असं सगळं मिळून अंगावर यायचं. आज ओट्यापाशी उभी राहून मी किती वेळ नुसती हुंगत होते. फिनेलचा वास आला. फिनेल मीच ओतलं होतं, माणसं भेटायला येणार म्हणून. आता स्वतःलाच शिव्या घालतेय.

दादा सांगायचा ते आठवतं ना? इथं कतारमध्ये, रास लफानच्या गॅस प्लँटवर रुजू झाला तेव्हा त्याला पहिला धडा वासाचा दिला. गळती झाली की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो येतोय तोवर पळायला वेळ असतो. येता येता एकदम बंद झाला, तर समजायचं की नाक बधिर झालंय आणि आता खरं घाबरायचं. हे ऐकून तू खो खो हसलीस, आणि मी मात्र तेव्हापासून रोज शेगडीचं बटण दोनदा बघायला लागले. "वन्सं, तुम्ही भित्री भागूबाई," म्हणालीस. तो शब्द तुला आईनं शिकवला होता आणि तू तो जिथंतिथं माझ्यावरच खर्च करायचीस.

आणि तो प्रहोकचा दिवस! तुझ्या आईनं कुणाबरोबर तरी कंबोडियातून, बाटांबांगहून बरणी धाडली होती. खारवून, महिनोन्‌महिने आंबवलेल्या माशाचा लगदा. दादा शिफ्ट करून आलेला, दुपारचा गाढ झोपलेला. तू बरणीचं झाकण उघडलंस मात्र, आणि तो ताडकन उठला. "सगळे बाहेर! आत्ताच्या आत्ता!" अर्ध्या चड्डीवर, लेकीला, ताराला, काखोटीला मारून पळाला की गं. माझी ओढणी ओढून हवेत धरली, वारा कुठून येतोय ते बघायला. शेजारच्या केरळी कुटुंबालाही दारं बडवून बाहेर काढलं. भर उन्हात सगळे फाटकापाशी उभे, आणि सगळ्यात शेवटी तू निवांत बाहेर आलीस, एका हातात बरणी, दुसऱ्या हातात चमचा. "काय झालं? जेवायचं सोडून सगळे इथं काय करताय?" दादानं बरणीकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि खाली बसून जो हसायला लागला तो थांबेचना. वॉचमनही हसला. मी हसले नाही. मी आत जाऊन शेगडीचं बटण बघून आले.

तुझं नाव बोपा, म्हणजे फूल. आईनं तुला नाशिकला पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्थ विचारला, आणि ऐकून म्हणाली, "म्हणजे पुष्पाच की गं! मग एवढं अवघड कशाला करून ठेवलंय?" कंबोडियातली मुलगी दादानं नोकरीच्या गावी शोधली म्हणून आधी तोंड फुगवून बसलेली आई, त्या एका शब्दावर विरघळली. तिनं तुला मराठी शिकवलं ते तिच्या जमान्याचं. म्हणून आख्ख्या कतारमध्ये मला 'वन्सं' म्हणणारी तू एकटी. ऑफिसातल्या मराठी मुली ऐकून हसायच्या, अहो हा शब्द आता कोण वापरतं? मी म्हणायचे, माझी वहिनी वापरते. आता कोण वापरणार, ते मला माहीत नाही.

त्या दिवसाबद्दल मी फार लिहिणार नाही. तू ओट्यापाशी गलांगल सोलत होतीस, ते आल्यासारखं दिसणारं पण लाकडासारखं कडक मूळ. मी दातांच्या दवाखान्यातून, माझी रिसेप्शनची ड्यूटी संपवून, नुकतीच आले होते. "वन्सं, डोकं फार दुखतंय," म्हणालीस. मी म्हटलं, पाणी पी, गोळी देते. गोळी घेऊन आले तर तू खाली बसलेली होतीस आणि माझ्याकडे अशी बघत होतीस, की मला तेव्हाच कळलं. डॉक्टर नंतर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव, अशा वेळी कुणीच काही करू शकत नाही. ते असेलही. पण तेव्हापासून कुणीही 'डोकं दुखतंय' म्हटलं की मी हातातलं टाकून धावते. परवा दवाखान्यात एक पेशंट नुसता कपाळ दाबत बसला होता, तर मी पाण्याचा ग्लास घेऊन त्याच्यासमोर उभी. तो बिचारा दाढ दुखतेय म्हणून आला होता.

इथं आपल्याला अग्नी देता येत नाही, हे तर तुला माहीतच होतं. आई फोनवर रडत म्हणाली, नाशिकला आणा, गोदावरीवर करू. तिकडून तुझ्या आईचा फोन. शब्द कळत नव्हते, पण रडणं तेच. तुला कुठं जायचं होतं, ते तू कधी बोलली नाहीस आणि आम्हीही विचारलं नाही. असलं कोण कुणाला विचारतं, धडधाकट माणसाला? दादा एवढंच म्हणाला, "ती तिच्या आईकडे जाईल." तो तुला घेऊन बाटांबांगला गेला. ताराचा पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला, म्हणून तिला नेता आलं नाही. विमानतळाकडे निघताना तो मला म्हणाला, "पोरीला जेवू घाल, बाकी काही नको बघू." एवढं एकच काम दिलं त्यानं मला. आणि वहिनी, मला तेच जमेना.

फ्रीझर उघडला तर तुझे डबे, ओळीनं लावलेले. दर शनिवारी तू आठवड्याचं रांधून ठेवायचीस ना, दादा शिफ्टवर आणि मी दवाखान्यात म्हणून. झाकणांवर पांढरी पट्टी आणि त्यावर तुझ्या लिपीतली ती वेलबुट्टीसारखी अक्षरं. मला एक वाचता येईना. ताराला बोलता येतं, वाचता येत नाही. मग आम्ही तुझ्या आईला व्हिडिओ कॉल लावला. एकेक डबा कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि ताराची याय, म्हणजे आजी, तिकडून वाचायची. बर्फ धरलेला असायचा, मी बाहीनं पुसायचे. "सामलोर कोर्को," याय म्हणायची, आणि तारा मला सांगायची, "आत्या, दॅट वन इज भाज्यांचं." मग आमोक, नारळाच्या दुधातला वाफवलेला हमूर मासा. मग चिंचेचं आंबट सार. एका डब्याशी याय अडली. पुन्हा जवळ धर म्हणाली. मला वाटलं, बर्फामुळे अक्षर दिसत नसेल. पण तिनं फोनच्या काचेवर बोट ठेवलं होतं आणि ते अक्षरांवरून फिरवत होती. वाचून कधीच झालं होतं तिचं.

आता आईचं ऐक. सुतकात, माणूस गेला त्या घरात शिजवलेलं अन्न ठेवत नाहीत, ओतून देतात, हे मलाही ठाऊक होतं. आई रोज विचारायची, "टाकलंस का सगळं?" मी म्हणायचे, "टाकलं गं." आणि फोन कानाला धरून फ्रीझरच्या दाराला पाठ लावून उभी राहायचे, जणू ती नाशिकहून येऊन उघडणार आहे. मला स्वतःलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? गेलेल्या माणसाच्या हातचं घरात आहे, ते लेकरानं खायचं, काही वाईट झालं तर? आणि त्याहून मोठी भीती अशी की हे संपलं तर? तुझ्या हातचं पुन्हा कुठून आणायचं? मला तर नुसतं ते क्रोएंगचं वाटणही करता येत नाही. गवती चहा, गलांगल, हळद, लिंबाची पानं, लसूण, एवढं माहीत आहे. पण किती कुटायचं, कधी थांबायचं? तू नेहमी म्हणायचीस, "वन्सं, आवाज बदलतो तेव्हा." खलबत्त्याचा आवाज बदलतो म्हणे. मला कधी बदललेला ऐकू आला नाही.

म्हणून मी काटकसर सुरू केली. एक डबा काढायचा, वितळवायचा, अर्धा वाढायचा, अर्धा ठेवायचा. माझ्या मनाशी हिशोब असा, की तारा तुझ्याच हातचं खाईल, आणि ते जितकं पुरवू तितके दिवस ती खाईल. पण वाढलं की ती दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. "कीप इट, आत्या." अगं, अजून थोडं. "नो. कीप इट." मी केलेला वरणभात तर तिनं हुंगूनही बघितला नाही. पाव, दूध, कधी अर्धं केळं. गाल बसले पोरीचे. मी म्हटलं, तोंडाला चव नसेल, दुःख आहे, मूल आहे. गोष्टी सांगितल्या, मोबाईल दिला, ओरडले, हात जोडले. तुझी पोर ती. एकदा नाही म्हणाली की नाही.

मग शाळेतून फोन आला. नर्स म्हणाली, "तारा इज कम्प्लेनिंग ऑफ हेडेक." बस. पुढचं मला ऐकूच आलं नाही. मला गाडी येत नाही, तू असताना कधी गरज पडली नाही, आणि इथं गाडीशिवाय पान हलत नाही. टॅक्सी मिळेपर्यंत रस्त्यावर उभी राहून मी येईल त्या देवाचं नाव घेत होते, तुझ्या बुद्धाचंही घेतलं. टॅक्सीवाल्याला इतक्या वेळा यल्ला, यल्ला म्हटलं, की तो पाकिस्तानी काका वैतागून म्हणाला, "बहनजी, उड़ा दूँ क्या?" मग माझा चेहरा बघितला आणि खरंच उडवली गाडी. तारा नर्सच्या खोलीत पलंगावर पडली होती, एवढीशी. मला बघून म्हणाली, "आत्या, माकला असंच दुखलेलं?" तिच्या आईला, म्हणजे तुला, वहिनी.  मी तिचे बूट काढायला लागले. कशाला काढले तेही माहीत नाही.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. डोक्यात काही नाही. पोटात काही नाही, हेच दुखणं. मुलगी उपाशी आहे, म्हणाले. असंच चाललं तर ॲडमिट करून सलाईन लावावं लागेल. माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की ही बाई पोराला जेवायला घालत नाही की काय. मी मान खाली घालून बसले होते.

घरी येऊन आईला सगळं खरं सांगितलं. डबे आहेत, टाकले नाहीत, पण ती तेही खात नाही. मला वाटलं आता माझी काही खैर नाही.  पण आई म्हणाली, "तेच घाल तिला. सुतक गेलं खड्ड्यात. माझ्या पुष्पानं रांधलेलं आहे, त्याला कसला विटाळ?" आणि मग रडत रडत विचारलं, "मीठ नीट असतं का गं तिच्या हातचं? मी शिकवलं होतं तिला." असतं म्हटलं. आता त्या माशाच्या रशाला आईनं कधी मीठ शिकवलं असणार, पण असू दे.

एक भांडण आपलं तसंच राहिलं, वहिनी. दरवर्षी पितृपंधरवडा लागला की तुझंही सुरू व्हायचं. तुमच्याकडेही नेमका तोच पंधरवडा, तोच भाद्रपदाचा अंधारा पक्ष. आई चकित व्हायची, इतक्या लांब कुणी नेला आपला पक्ष? फक्त आपण दुपारी पान वाढतो आणि तुम्ही पहाटेच्या अंधारात, कारण तुमच्या भुकेल्या पितरांना उजेड सोसत नाही. तू चिकट भाताचे तिळाचे गोळे करायचीस, आणि फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, अजानआधी कंपाउंडच्या मागच्या भिंतीशी जाऊन अंधारात टाकायचीस. मी जिन्यावर उभी, जीव मुठीत धरून. "वहिनी, हा गल्फ आहे! कुणी बघितलं तर जादूटोणा म्हणून पोलिसात देतील! दादाची नोकरी जाईल!" तू शांतपणे हात झटकत यायचीस. "वन्सं, पोलिसाला भूक कळते."

आणि एकदा तू चिडलीस. पहिल्यांदाच. म्हणालीस, तुमच्या घरातली माणसं म्हातारी होऊन, जेवूनखाऊन जातात, म्हणून तुम्हाला हा सगळा खेळ वाटतो. माझ्या आईचे दोन भाऊ, एक बहीण, तिच्या डोळ्यांदेखत भुकेनं गेले. तेव्हा तिच्या देशात भात पिकत होता, पण लोकांना मिळत नव्हता. त्यांच्या वाट्याला पेजेचं पाणी. "मेलेले भुकेले असतात, वन्सं. त्यांचं तोंड सुईच्या भोकाएवढं झालेलं असतं. खूप वेळ लागतो त्यांना जेवायला. आपण थांबायचं असतं." मी म्हटलं होतं, "पण इथं, ह्या वाळवंटात, त्यांना कसं सापडणार आपलं घर?" तू उठून ओट्याकडे गेलीस. मला वाटलं मी जिंकले. तुझा चेहरा आत्ता आठवतो आणि वाटतं, ती भीती तुला स्वतःसाठी होती. इथं गेलो तर आपल्याला कोण वाढणार, ही. तू ते बोलली असतीस तर मी काय म्हटलं असतं? काहीतरी फालतू. "गप गं, काहीतरीच बोलू नकोस," असं म्हटलं असतं.

हे भांडण चाललं होतं तेव्हा तारा सोफ्यावर बसून चित्र रंगवत होती. पोरं ऐकतात, वहिनी. आपल्याला वाटतं ती रंगवतायत.

आज पहाटे अजाननं जाग आली. ती माझ्याच शेजारी झोपते हल्ली. हात लावला तर गादी गार. बाथरूममध्ये नाही, सोफ्यावर नाही. दार उघडं.  अनवाणी पळाले. दाराबाहेर पाऊल टाकलं तर दमट हवेनं चष्म्यावर वाफ धरली, समोरचं काही दिसेना. चष्मा काढला तर तसंही काही दिसत नाही मला. हातानं भिंत चाचपत, "तारा, तारा" करत मागच्या बाजूला गेले. मनात काय काय आलं ते लिहवत नाही. रस्ता आला, गाड्या आल्या, ओट्यापाशी माझ्याकडे बघणारे तुझे डोळे आले.

आधी वॉचमन दिसला. तो म्हणाला, "दीदी, डरो मत, यहीं है। बोली मम्मी को खाना देना है। मैंने गाड़ी के रास्ते से हटाके बिठाया।" आणि भिंतीपाशी तारा, मांडी घालून. शाळेची बॅग उघडी. तिच्यासमोर तुझे डबे, वहिनी. एक नाही. सगळे. फ्रीझर रिकामा करून आणलेले, झाकणं काढून ओळीनं मांडलेले. आजूबाजूला कंपाउंडातल्या मांजरी बसल्या होत्या आणि ती हातात फूटपट्टी धरून त्यांना दम देत होती, "नॉट फॉर यू! नॉट फॉर यू!"

बर्फ वितळून पाणी होत होतं. दोहाच्या त्या उकाड्यात तुझ्या हातचं शेवटचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर वितळत होतं, आणि माझ्या तोंडात आलं होतं, अगं काय केलंस हे! आधी डबे उचलावेत असंच वाटलं, पोरीच्या आधी. वाकलेसुद्धा. मग तिचं तोंड बघितलं.

"आत्या, डोन्ट टेक इट. माकचं आहे."

मी खाली बसले. "एवढं सगळं, बाळा?"

"ती खूप दिवस जेवली नाही. तिचं तोंड आता स्मॉल झालंय ना? सो इट टेक्स लाँग." मग अगदी हळू आवाजात, जसं काही चोरी कबूल करतेय, "मी खाल्लं तर तिला उरणार नाही. म्हणून मी कीप करत होते. पण तू रोज अर्धं काढायचीस, आत्या. यू वर फिनिशिंग इट."

कळलं का तुला? मी तिच्यासाठी डबे पुरवत होते, ती तुझ्यासाठी. त्या पोरीनं तुझ्यासाठी उपास धरला होता आणि मी तिच्यापुढे मोबाईल नाचवत होते. मला हुंदका फुटला. ती घाबरली, म्हणून मी तो गिळला. डॉक्टरांचं सलाईन, दादाचं ते एक वाक्य, सगळं डोक्यात गरगरत होतं. तुझी माक येणार नाही, असं काही नसतं, असं म्हणणं सोपं होतं. पण ते मी एकदा तुला म्हटलं होतं, आणि आज, देवाशपथ, मलाच खात्री नव्हती. तू तिथं असतीस तर? भिंतीपलीकडे, थांबलेली?

मी विचारलं, "तारा, मला सांग, तुझी माक तुझ्याआधी कधी जेवलीय?"

तिनं खूप विचार केला. कपाळाला आठ्या घालून, हुबेहूब तुझ्यासारख्या. "नेव्हर."

"कधीच नाही?"

"नो. मी फिनिश केलं की मग ती बसते."

"मग? ती थांबलीय ना बिचारी कधीची. तू जेवत नाहीस, म्हणून तीही जेवत नाहीये."

तिनं डब्यांकडे बघितलं. मग भिंतीकडे. मग माझ्याकडे, मी फसवत तर नाही ना असं.  "आय हॅव टू गो फर्स्ट?"

"हो गं राणी. आधी तू."

तिनं आमोकचा डबा ओढला. अर्धा बर्फ, अर्धा वितळलेला. मी गरम करून आणते म्हटलं तर नको म्हणाली, उजेड होईल मग. हातानंच खायला लागली. पहिला घास तोंडात नुसता धरून ठेवला. मग गिळला. मग दुसरा. दाताखाली बर्फ कचकच वाजत होता. हळदीनं हनुवटी पिवळी झाली. मी मोजत नव्हते. निम्म्यावर आली तेव्हा माझ्या तोंडाशी एक घास धरला, "तू पण, आत्या. नाहीतर लेट होईल." मी खाल्ला. गार, खारट, नारळाच्या दुधाचा. वॉचमन लांब उभा होता, त्यालाही कोर्कोचा डबा दिला तिनं. तो दोन्ही हातांनी घेऊन बाजूला जाऊन बसला. मांजरींनाही मिळालं अखेर. वितळलेलं पुन्हा गोठवता येत नाही, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. 

पूर्वेला फटफटायला लागलं तसे आम्ही उरलेले डबे भिंतीशी नीट लावले, तू लावायचीस तसे, आणि न बघता परत आलो. मागं वळून बघायचं नसतं, असं तारानंच मला सांगितलं. हे तू शिकवलंस की तिनं बनवलं, ठाऊक नाही. आता ती सोफ्यावर झोपलीय, हात धुतले तरी बोटं पिवळीच आहेत. आज शाळेत पाठवणार नाही. फ्रीझर रिकामा आहे. उद्या मला क्रोएंग कुटायला बसावं लागेल, आणि ते बिघडेल, आणि ती नाक मुरडेल, आणि मी पुन्हा घाबरेन. आत्ताही घाबरलेलीच आहे. दर थोड्या वेळानं उठून तिच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघून येते.

पण वहिनी, पोट टम्म आहे तिचं. मी हात लावून बघितलं. ती जेवली गं.

आता तू बस.